एका उपकराचा निमूट अंत

वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या मुहूर्तावर, अमलात आले. त्या दिवसांत देशभर चर्चा झाली ती साबण, शांपू, तूप, दूरचित्रवाणी संच आणि छोट्या मोटारी यांच्या किमतींची. दुकानादुकानांतून नव्या दरांचे फलक झळकले आणि स्वस्ताईचे श्रेय कोणाचे यावरून राजकीय पक्षांत नित्याची खडाजंगीही झाली. त्याच निर्णयात कोळशाचाही एक उल्लेख होता. कोळशावरील कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला आणि दर टनामागे ४०० रुपयांचा जो भरपाई उपकर घेतला जात असे, तो रद्द झाला. कोळशाच्या धुराची काही तरी किंमत कोळसा जाळणाऱ्याकडून वसूल व्हावी, या हेतूने देशात जो कर पंधरा वर्षांपूर्वी सुरू झाला होता, त्याचा शेवट अशा रीतीने झाला. त्याबद्दल कोणी हळहळले नाही, आणि कोणी आनंदही मानला नाही. ज्या कराच्या जाण्याने एकाही घटकाला बोलावेसे वाटू नये, त्या कराच्या चरित्रात काही तरी मूलभूत वैगुण्य असले पाहिजे.

हे चरित्र बोधप्रद आहे. २०१० च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी देशात निघणाऱ्या आणि बाहेरून येणाऱ्या कोळशावर दर टनी ५० रुपयांचा ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ सुचवला. १ जुलै २०१० पासून तो लागू झाला. त्यातून येणारा पैसा ‘राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी’त जावा आणि त्यातून अपारंपरिक ऊर्जेच्या संशोधनाला व प्रकल्पांना साहाय्य मिळावे, अशी योजना होती. सरकार बदलले तरी उपकर टिकला. इतकेच नव्हे, तर वाढला. अरुण जेटली यांनी तो २०१४ मध्ये १०० रुपये, २०१५ मध्ये २०० रुपये आणि २०१६ मध्ये ४०० रुपये केला आणि त्याचे नाव ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’ असे ठेवले. सहा वर्षांत आठपट वाढ झालेला, आणि तरीही ज्याच्याविरुद्ध एकही मोर्चा निघाला नाही, असा दुसरा कर दाखवणे कठीण आहे. २०१४-१५ च्या आर्थिक पाहणीने त्याचे कौतुक केले. पॅरिस परिषदेपूर्वी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, भारताने संयुक्त राष्ट्रांना आपल्या संकल्पांचा जो मसुदा सादर केला, त्यातही ५० चे २०० रुपये केल्याचा उल्लेख अभिमानाने करण्यात आला होता.

जगाला दाखवण्यासाठी अलंकार तयार झाला. घरात त्याचे काय चालले होते? २०१०-११ ते २०१७-१८ या काळात उपकराचे सुमारे ८६ हजार ४०० कोटी रुपये जमा झाले. त्यातील २९ हजार ६०० कोटींच्या आसपास रक्कम निधीकडे वर्ग झाली आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना मिळाले ते सुमारे १६ हजार कोटी. म्हणजे शंभर रुपये गोळा झाले, तर ज्या कार्यासाठी ते मागितले होते, त्या कार्याला अठरा-एकोणीस रुपये पोचले. अर्थखात्याला तूट भरून काढायची असते आणि तूट भरताना पैशाच्या अंगावरचा शिक्का कोणी पाहत नाही. उपकराचे केंद्राला आणखी एक आकर्षण असते. राज्यघटनेनुसार करांच्या विभाजनयोग्य रकमेत उपकराचा समावेश होत नाही, त्यामुळे राज्यांना त्यात वाटा द्यावा लागत नाही. कोळसा निघतो झारखंड, ओडिशा, छत्तीसगढ आणि आपल्या विदर्भात. धूळ आणि राखही तेथेच पडते. उपकर मात्र दिल्लीत जमा होत होता आणि बव्हंशी दिल्लीतच विरत होता.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा या उपकराचे उरलेसुरले व्यक्तित्वही गेले. नव्या करपद्धतीत राज्यांचे उत्पन्न बुडू नये म्हणून पाच वर्षे दरसाल १४ टक्के वाढीची हमी केंद्राने दिली होती आणि ती पाळण्यासाठी मोटारी, तंबाखू, शीतपेये आणि कोळसा यांवर भरपाई उपकर बसवण्यात आला. कोळशावरचा दर तोच राहिला, दर टनी ४०० रुपये. बदलले ते नाव आणि प्रयोजन. काल जो पैसा हवा स्वच्छ करण्यासाठी होता, तो आज राज्यांच्या तिजोऱ्या सावरण्यासाठी झाला. महाराष्ट्र हे या भरपाईचा मोठा वाटा घेणाऱ्या राज्यांपैकी एक होते. मुंबईची जकात त्याच दिवशी बंद झाली आणि भरपाईचा हिशेब ज्या मूळ उत्पन्नावर बेतला होता, त्यात जकातीचीही गणना होती. तेव्हा कोळशाच्या धुराने मुंबईच्या जकातीची पोकळी काही अंशी भरून काढली, असे विनोदाने म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. करोनाच्या काळात उपकर अपुरा पडला, केंद्राने राज्यांसाठी दोन वर्षांत सुमारे २ लाख ७० हजार कोटींचे कर्ज काढले आणि ते फेडण्यासाठी जून २०२२ मध्ये संपणारा उपकर मार्च २०२६ पर्यंत लांबवण्यात आला. त्या मुदतीपूर्वीच, परिषदेने दरांची फेररचना केली तेव्हा, कोळशाची त्यातून सुटका झाली.

या सर्व काळात उपकराने प्रदूषणाला किती आळा घातला, असे विचारले तर उत्तर फारसे सुखद नाही. २०१०-११ मध्ये देशात सुमारे ५३ कोटी टन कोळसा निघत होता. २०२४-२५ मध्ये हे उत्पादन १०४ कोटी टनांच्या वर गेले. याचा सर्व दोष उपकरावर ठेवता येणार नाही, कारण विजेची मागणी वाढतच होती आणि ती वाढणे इष्टही होते. परंतु उपकराची रचनाच अशी होती, की ज्याने तो भरावा त्याला त्याची झळ लागू नये. औष्णिक केंद्र उपकर भरत असे आणि तो इंधनखर्चात धरून वितरण कंपनीकडून वसूल करत असे; वितरण कंपनी तो ग्राहकाच्या दरात घालत असे, अथवा ते धैर्य नसेल तर आपल्या तोट्यात. एक युनिट वीज करण्यास सुमारे ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो, हे लक्षात घेतले तर ग्राहकावर युनिटमागे २५ ते ३० पैशांचा भार पडत होता. पुणे वा औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील किती गृहस्थांना हे ठाऊक होते? विजेच्या बिलावर त्याचे नाव कधी छापले गेले नाही.

केंद्रांच्या आपापसातील स्पर्धेवरही त्याचा परिणाम जवळजवळ शून्य होता. कोणत्या केंद्राची वीज आधी घ्यायची हे इंधनखर्चाच्या क्रमाने ठरते. खाणीच्या तोंडाशी असलेले जुने, जास्त कोळसा खाणारे केंद्र वाहतुकीचा खर्च वाचत असल्यामुळे या क्रमात वर असते आणि हजार किलोमीटरवरचे नवे, काटकसरी केंद्र खाली राहते. टनामागे ४०० रुपयांनी हा क्रम फारसा हलला नाही. भारतीय कोळशाच्या एका टनातून ढोबळ मानाने दीड टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो असे धरले, तर हा कर कार्बनच्या टनामागे पावणेतीनशे रुपयांच्या घरात, म्हणजे तीन डॉलरच्या आसपास होता. युरोपच्या बाजारात हीच किंमत फेब्रुवारी २०२३ मध्ये १०० युरोंपर्यंत चढली होती.

लपलेला कर सुखाने वसूल होतो. पण त्याला शत्रू नसतात तसे मित्रही नसतात. याच्या उलट अनुभव ज्यांनी कर उघडपणे लावला त्यांना आला आहे. कॅनडाने २०१९ पासून इंधनांवर कार्बन आकार सुरू केला. कार्बनच्या टनामागे २० डॉलर हा त्याचा आरंभीचा दर एप्रिल २०२४ पर्यंत ८० कॅनडियन डॉलर झाला. जमा झालेल्या पैशापैकी सुमारे ९० टक्के रक्कम सरकार दर तिमाहीला कुटुंबांच्या बँक खात्यांत परत करत असे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभावी अशी ही योजना होती. तथापि, पेट्रोल भरताना चढलेला दर डोळ्यांसमोर दिसे, तर खात्यात आलेली रक्कम कशाची, हे पुष्कळांना उमगतही नसे. विरोधी पक्षनेते पिएर पोइलिएव्ह यांनी तो कर छाटून टाकण्याची घोषणा हेच आपले शस्त्र केले. मार्च २०२५ मध्ये लिबरल पक्षाचेच मार्क कार्नी पंतप्रधान झाले. हवामानाच्या आर्थिक जोखमीवर जगभर व्याख्याने देणाऱ्या या गृहस्थांनी पदग्रहणाच्या दिवशीच तो शून्यावर आणला. उद्योगांवरचा कार्बन आकार मात्र त्यांनी ठेवला. ऑस्ट्रेलियात ज्युलिया गिलार्ड यांच्या सरकारने जुलै २०१२ मध्ये आणलेला असाच कर टोनी ॲबट यांनी जुलै २०१४ मध्ये रद्द केला. फ्रान्समध्ये २०१८ च्या अखेरीस पिवळ्या जाकिटांचे जे आंदोलन पेटले, त्याच्या मुळाशी इंधनावरील कराची वाढ होती. त्याच वर्षी श्रीमंतांवरील संपत्तीकराला कात्री लागलेली लोकांनी पाहिली होती आणि खेड्यातून कामावर मोटारीने जाणाऱ्याला हवामानाचे प्रवचन ऐकवणे मग कठीण झाले. स्वीडनने १९९१ मध्ये असा कर लावला तो प्राप्तिकर मोठ्या प्रमाणावर कमी करतानाच. तो टिकला, वाढत गेला आणि त्यावरून सरकारे पडली नाहीत. एका हाताने घेतलेले दुसऱ्या हाताने दिलेले तेथील करदात्याला दिसत होते.

भारतात मात्र घेतलेलेही दिसले नाही आणि दिलेलेही दिसले नाही.

आता २०२५ च्या बदलाने नेमके काय झाले ते पाहू. उपकर वजनावर होता, नवा कर किमतीवर आहे. हजार रुपये टनाच्या हलक्या कोळशावर पूर्वी ५० रुपये कर आणि ४०० रुपये उपकर असे ४५० रुपये पडत; आता १८० रुपये पडतात. चार हजार रुपये टनाच्या उंची कोळशावर पूर्वी ६०० रुपये होते, आता ७२० झाले. सुमारे ३ हजार ७७ रुपये ही सीमा; त्याखालचा कोळसा स्वस्त झाला, वरचा महाग. सरकारच्याच हिशेबाप्रमाणे वीजक्षेत्राला टनामागे सरासरी २६० रुपयांचा लाभ झाला असून वीजनिर्मितीचा खर्च युनिटमागे १७-१८ पैशांनी उतरला आहे. जुनी पद्धत निर्दोष होती असे म्हणण्याचे कारण नाही. हलक्या कोळशात राख अधिक आणि कार्बन कमी, तरी त्याच्यावर उंची कोळशाइतकाच ४०० रुपयांचा बोजा, ही विसंगतीच होती. ती दूर करताना कार्बनचा विचारच दूर केला गेला, हा आक्षेपाचा मुद्दा आहे.

याहून महत्त्वाची एक गोष्ट चर्चेत आलीच नाही. वीज अद्याप वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. म्हणून वीजकंपनीने कोळशावर भरलेला १८ टक्के कर तिच्या खर्चातच राहतो. सिमेंट, पोलाद वा ॲल्युमिनियम करणाऱ्या कारखान्याचे तसे नाही. खरेदीवर भरलेला कर त्याला विक्रीवरील करातून वजा करून घेता येतो. भरपाई उपकराची वजावट फक्त उपकराच्याच देण्यातून मिळे आणि सिमेंटवर वा पोलादावर उपकर नसल्यामुळे देशात विकल्या जाणाऱ्या मालापुरते टनामागचे ४०० रुपये कारखान्याला खरोखरीच सोसावे लागत. आता १८ टक्के भरले काय आणि ५ टक्के भरले काय, ते परत मिळणार. कागदावर कर साडेतीनपटीहून अधिक वाढला आणि उद्योगांपुरती कोळशाच्या धुराची किंमत शून्य झाली.

आणि हे घडले कोणत्या घटकेला? युरोपीय संघाने आयात मालातील कार्बनवर सीमेवरच आकार घेण्याची योजना केली असून १ ऑक्टोबर २०२३ पासून तिचा माहिती गोळा करण्याचा टप्पा चालू होता. १ जानेवारी २०२६ पासून तिचा आर्थिक अंमल सुरू झाला. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज हे पदार्थ तिच्या कक्षेत येतात. त्यांपैकी पोलाद आणि ॲल्युमिनियम यांत भारताचे हितसंबंध मोठे आहेत. उत्पादक देशात कार्बनची किंमत प्रत्यक्ष मोजली गेली असेल, तर तेवढी सूट देण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. म्हणजे जो पैसा भारतात वसूल होणार नाही, तो युरोपच्या तिजोरीत जाईल. आपला कोळसा उपकर जुन्या नावाने आणि जुन्या उद्देशाने जिवंत असता, तर निदान वाटाघाटीच्या टेबलावर ठेवण्यास एक कागद हाती असता. राज्यांच्या महसुली तुटीसाठी घेतलेला पैसा हा कार्बनचा कर होता, असे ब्रुसेल्सला पटवणे २०१७ नंतरच अवघड झाले होते. २०२५ नंतर पटवण्यासारखे काही उरलेच नाही.

युरोपची ही योजना निखळ पर्यावरणप्रेमातून आलेली आहे, असे मानण्याचा भाबडेपणा कोणी करू नये. दीडशे वर्षे कोळसा जाळून ज्यांनी आपली घरे भरली, त्यांनी आता दारात बसून इतरांच्या मालाची झडती घ्यावी, यात न्याय थोडा आणि स्वार्थ पुष्कळ आहे. भारताचे दरडोई उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन, अमेरिकेचे चौदा टनांच्या आसपास. जबाबदारी सर्वांची, परंतु ती सारखी नाही, हे तत्त्व १९९२ च्या रिओ परिषदेने मान्य केले होते आणि भारताने ते सोडण्याचे कारण नाही. मात्र या युक्तिवादाचा उपयोग दिल्लीतील धोरणकर्ते दोन ठिकाणी करतात. परदेशात तो रास्त असतो. देशात तोच युक्तिवाद चंद्रपूरच्या रहिवाशापुढे केला, तर तो विचारील की, दरडोई दोन टन हे खरे. पण माझ्या गावावर पडणारी राख कोणत्या दरडोई हिशेबाने मोजावयाची?

उपकराच्या जागी आता कार्बन पतव्यापाराची योजना पुढे केली जाते. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने तिचा पाया घातला आणि जून २०२३ मध्ये तिची अधिसूचना निघाली. ॲल्युमिनियम, सिमेंट, कागद, पोलाद, खते, कापड अशा नऊ उद्योगांना उत्पादनाच्या प्रत्येक टनामागे किती उत्सर्जन चालेल याची मर्यादा ठरवून द्यावयाची. जो तिच्या आत राहील त्याने प्रमाणपत्रे विकावीत, जो ओलांडील त्याने ती विकत घ्यावीत, असा हा व्यवहार आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्या काही उद्योगांच्या मर्यादा जाहीर झाल्या. ही चांगली सुरुवात आहे. परंतु देशातील सर्वांत मोठा उत्सर्जक, म्हणजे औष्णिक वीजनिर्मिती, या नऊ उद्योगांत नाही. जून २०२५ मध्ये स्थापित वीजक्षमतेचा निम्मा भाग कोळसा, तेल वा वायूवर अवलंबून नसलेला झाला, असे सरकारने जाहीर केले, आणि ती सामान्य कामगिरी नव्हे. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत मात्र त्या सुमारास कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर होता. उपकर गेला आणि पतव्यापारही नाही, अशा रीतीने हे क्षेत्र दोन्हींकडून मोकळे सुटले. याचे कारण राजकीय आहे. वीज महागली तर वितरण कंपन्या आणखी खड्ड्यात जातात; कोळशाची वाहतूक घटली तर मालभाड्यातून प्रवासी भाड्याची तूट भरणारी रेल्वे अडचणीत येते; स्वामित्वशुल्क घटले तर खाणींच्या राज्यांचे अर्थसंकल्प कोलमडतात. इतक्या खुंट्यांना बांधलेली दोरी एका झटक्याने ओढण्याचे धाडस कोणताही अर्थमंत्री करणार नाही.

पण दोरी हळूहळू सोडवता येते, आणि त्यासाठीच पैसा लागतो. वर्षाला शंभर कोटी टनांहून अधिक कोळशावर टनामागे ४०० रुपये म्हणजे चाळीस हजार कोटींच्या वर रक्कम होते. हलक्या-उंची कोळशाचा भेद न करता तो उकळण्याऐवजी त्यातील कार्बनच्या प्रमाणात आकार घेतला आणि तो उद्योगांना वजावटीतून परत जाणार नाही अशी व्यवस्था केली, तर जुनी विसंगतीही राहणार नाही. खरा प्रश्न त्या पैशाच्या वाटणीचा आहे. त्याचा ठरलेला हिस्सा ज्या जिल्ह्यांत खाणी आणि केंद्रे आहेत त्यांना, आणि ठरलेला हिस्सा गरीब ग्राहकांच्या वीजबिलात सूट म्हणून, त्या सूटीचे नाव बिलावर छापून, देण्याची तरतूद कायद्यातच हवी. वित्त खात्याच्या सद्भावनेवर ती सोपवून काय होते ते २०१० ते २०१७ मध्ये दिसले आहे.

चंद्रपूरचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. १९८३ साली पहिला संच सुरू झालेले तेथील महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूर, वणी या पट्ट्यातील खाणींनी दोन-तीन पिढ्यांना रोजगार दिला. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली. पुढल्या सोळा वर्षांत या जिल्ह्याच्या कोळशावर टनाटनाने उपकर घेतला गेला. २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली, त्यांतून काही पैसा जिल्ह्याकडे येतो. परंतु तो स्वामित्वशुल्काच्या प्रमाणात असतो. खाण चालू तोवर तो येणार आणि खाण मिटली, कामगार घरी बसला, गावच्या बाजारपेठेला उतरती कळा लागली, म्हणजे नेमकी त्याची गरज उत्पन्न झाली, की तो आटणार. कोळशानंतर या जिल्ह्याने काय करावे, त्याच्या तरुणांना कोणते शिक्षण द्यावे, राखेच्या ढिगांचे काय करावे, यासाठी आज वेगळी रक्कम बाजूला काढून ठेवलेली नाही. पंधरा वर्षे जो उपकर घेतला, त्याच्या जमाखर्चात चंद्रपूरच्या नावाचे स्वतंत्र खाते कधी उघडलेच गेले नव्हते.